मढ परिसरातील पदवी विद्यार्थी आणि उच्च शिक्षणाच्या संधी : पात्रता-अटींच्या उलट वाचनाची आवश्यकता

प्रस्तावना

मुंबई उपनगर जिल्ह्यात मालाडच्या पश्चिमेस, एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र अशा चिंचोळ्या भूभागावर मढ, भाटी, एरंगळ, आक्सा ही गावे वसलेली आहेत. मासेमारी हा येथील कोळी समाजाचा परंपरागत व्यवसाय असून डोल जाळ्याची मासेमारी आणि वलांड्यांवर वाळणारे बोंबील ही या किनाऱ्याची आजही ओळख आहे. येथील मुले-मुली पदवी शिक्षणासाठी प्रामुख्याने मालाड, कांदिवली, गोरेगाव व अंधेरी येथील महाविद्यालयांत येतात. मार्वे रोडने मालाड स्थानक गाठणे किंवा मढ जेट्टीवरून फेरीबोटीने काही मिनिटांत वर्सोव्यास उतरणे, हे त्यांचे दोन नित्याचे मार्ग होत. मढहून रस्त्याने वर्सोव्यास जावयाचे तर मालाडला वळसा घालून सुमारे २० ते २२ किलोमीटर अंतर कापावे लागते. हे अंतर कमी करण्यासाठी पूल बांधण्याचा प्रकल्प महानगरपालिकेने हाती घेतला आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र वेगळ्या अंतराचा आहे. खाडीच्या पलीकडच्या तीरावर, वर्सोव्यातच, केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था उभी आहे. मत्स्यविज्ञानातील उच्च शिक्षणासाठी देशभरातून विद्यार्थी तेथे येतात. मढच्या विद्यार्थ्याला बोटीने तेथे पोहोचण्यास फार तर अर्धा तास लागेल. प्रवेशार्थी म्हणून पोहोचण्यास त्याला सहा-सात वर्षे आधी घराबाहेर पडावे लागते, आणि ही गोष्ट बहुधा त्याला वेळ निघून गेल्यावर कळते. शैक्षणिक संधींची माहिती विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविणे म्हणजे नेमके काय, याचा विचार या एका उदाहरणाच्या आधारे करण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

खाडीपलीकडील संस्था

केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेची स्थापना १९६१ मध्ये झाली. १९७९ मध्ये ती भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या अखत्यारीत आली व १९८९ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा प्राप्त झाला. येथे पदवीचा अभ्यासक्रम नाही; मत्स्यविज्ञानातील पदव्युत्तर पदवी आणि विद्यावाचस्पती हे दोनच प्रमुख स्तर आहेत. मत्स्यसंवर्धन, मत्स्य संसाधन व्यवस्थापन, मत्स्य प्रक्रिया तंत्रज्ञान, मत्स्य जैवतंत्रज्ञान, मत्स्य अर्थशास्त्र, मत्स्य विस्तार शिक्षण अशा अनेक शाखांत अध्यापन व संशोधन चालते. पदव्युत्तर प्रवेश कृषी अनुसंधान परिषदेच्या अखिल भारतीय परीक्षेतून होतो. त्यासाठीची मुख्य पात्रता आहे मत्स्यविज्ञानातील चार वर्षांची पदवी.

येथेच पहिली अडचण उपस्थित होते. ही चार वर्षांची पदवी मुंबईच्या पारंपरिक महाविद्यालयांत मिळत नाही. महाराष्ट्रात ती शिरगाव (रत्नागिरी) येथील मत्स्य महाविद्यालयात मिळते. हे महाविद्यालय दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाशी संलग्न असून त्याची स्थापना १९८१ सालची आहे. याशिवाय महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची नागपूर व उदगीर येथे मत्स्यविज्ञान महाविद्यालये आहेत. म्हणजे ज्यांच्या दारात समुद्र आहे त्यांनी मासळीचे शास्त्र शिकण्यासाठी समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या नागपूर-उदगीरला जाण्याचीही तयारी ठेवावी, अशी ही व्यवस्था आहे. यात कुणाचा दोष काढण्याचे कारण नाही. गोड्या पाण्यातील मत्स्यशेती हे विदर्भ-मराठवाड्याच्या दृष्टीने महत्त्वाचे क्षेत्र आहे. परंतु मढच्या विद्यार्थ्याला ही व्यवस्था कुणीतरी समजावून सांगावयास हवी.

या महाविद्यालयांतील प्रवेशासाठी बारावी विज्ञान शाखा, त्यात जीवशास्त्राचा समावेश आणि प्रवेशपरीक्षा आवश्यक असते. बारावीस जीवशास्त्र हवे तर अकरावीस ते घेतलेले हवे. अकरावीचा निर्णय दहावीच्या निकालानंतरच्या काही दिवसांत, बहुधा कोणते कनिष्ठ महाविद्यालय मिळाले यावरून होतो. अशा रीतीने मत्स्य शिक्षण संस्थेची पदव्युत्तर जाहिरात एक-एक पायरी मागे वाचीत गेल्यास आपण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या विषयनिवडीपाशी येऊन थांबतो. यालाच प्रस्तुत लेखात ‘उलट वाचन’ म्हटले आहे. जाहिरात पुढून वाचणारा विद्यार्थी अर्जाची अंतिम तारीख पाहतो. मागून वाचणाऱ्याला त्या तारखेपर्यंत काय काय पूर्ण व्हावयास हवे होते ते दिसते.

आता असा विचार करू, की मढची एखादी विद्यार्थिनी अंधेरीच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र घेऊन विज्ञान पदवीच्या दुसऱ्या वर्षात शिकत आहे आणि तिला मत्स्यक्षेत्रात पुढे जावयाचे आहे. वर्सोव्याचा पदव्युत्तर मार्ग तिला सरळ उपलब्ध नाही. हे तिला स्पष्टपणे सांगणे हे शिक्षकाचे पहिले कर्तव्य होय; ‘प्रयत्न कर, मिळेल’ हे उत्तर प्रोत्साहनाचे वाटले तरी ते तिचे एक वर्ष वाया घालविणारे आहे. पण दुसरे कर्तव्य तितकेच महत्त्वाचे आहे. प्राणिशास्त्राच्या पदवीवर सागरी जीवशास्त्राकडे जाता येते. गोवा विद्यापीठात सागरी विज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण आहे आणि दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (स्थापना १९६६) त्याच्या शेजारीच आहे. कोचीच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात सागरी जीवशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. त्यानंतर मात्र खाडीपलीकडची दारे किलकिली होऊ लागतात. वर्सोव्यातच केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे; अशा संस्थांच्या प्रकल्पांतील तात्पुरत्या संशोधन-सहायकाच्या जागांसाठी प्राणिशास्त्र वा सागरी जीवशास्त्रातील पदव्युत्तर पदवीधारकांचाही विचार होतो. विद्यावाचस्पती स्तरावरील पात्रता विषयागणिक निरनिराळी असते, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका मुळातून वाचणे अपरिहार्य ठरते. मित्राने मागील वर्षी सांगितलेल्या अटीवर विसंबून अर्ज करणारे विद्यार्थी आपण सर्वांनी पाहिले आहेत.

मत्स्यव्यवसायातील शिक्षण हे केवळ पदव्युत्तर स्तरावरच आहे असे नाही. कोचीची केंद्रीय मत्स्यव्यवसाय नौकानयन व अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था दहावीच्या पात्रतेवर नौकाचालक व सागरी फिटर यांचे अभ्यासक्रम चालविते, तसेच बारावीनंतरचा नौकानयनविषयक पदवी अभ्यासक्रमही तेथे आहे. राज्य शासनाच्या वर्सोवा येथील मत्स्यव्यवसाय प्रशिक्षण केंद्रात मच्छीमार युवकांसाठी सागरी मत्स्यव्यवसाय, नौकानयन आणि डिझेल इंजिन देखभालीचे सहा महिन्यांचे प्रशिक्षण दिले जाते. पदवीचा विद्यार्थी स्वतः या प्रशिक्षणांना जाणार नाही कदाचित. पण त्याचा भाऊ, चुलतभाऊ जाऊ शकतो. कोळीवाड्यात माहितीचा प्रवास असाच घराघरांतून होत असतो, हे महाविद्यालयांनी ध्यानात घेतलेले नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक वाटते. कोळ्याच्या मुलीने मासळीचेच शिक्षण घ्यावे, असा आग्रह धरणारा शिक्षक तिच्या वाटा वाढवीत नाही, कमी करतो. घटत्या मासळीचा आणि वाढत्या डिझेल-खर्चाचा अनुभव घेतलेली अनेक घरे आपल्या मुलांना समुद्रापासून दूर पाठवू इच्छितात. ती इच्छा तितकीच आदरणीय आहे. म्हणून उलट वाचनाची पद्धत इतर क्षेत्रांनाही लावून पाहिली पाहिजे.

गणिताची अट

मढहून मालाडमार्गे गोरेगावला आले की चित्रनगरीच्या रस्त्यावर इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था लागते. रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने १९८७ मध्ये स्थापन झालेली ही संस्था आज अभिमत विद्यापीठ असून अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी ती देशात अग्रगण्य मानली जाते. उपनगरांतील महाविद्यालयांत वाणिज्य शाखेचे विद्यार्थी बहुसंख्य आहेत. वाणिज्य पदवीधरास या संस्थेचे दार बंद नाही. परंतु बारावी किंवा त्यापुढील स्तरावर गणिताचा अभ्यास झालेला असावा, अशी अपेक्षा आहे. अकरावी वाणिज्यला गणिताऐवजी अन्य सोपा विषय घेण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे. टक्केवारी वाढते, म्हणून पालक समाधानी असतात आणि निकाल चांगला लागतो, म्हणून कनिष्ठ महाविद्यालयही समाधानी असते. पाच वर्षांनंतर अर्थशास्त्रात खरोखर रस निर्माण झालेल्या विद्यार्थ्याला त्या सोयीची किंमत मोजावी लागते.

व्यापारी नौकानयनाचे उदाहरण याहून बोलके आहे. समुद्राची सवय असलेल्या मुलांना हे क्षेत्र स्वाभाविक वाटते. २००८ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सागरी विद्यापीठाच्या नौकाशास्त्र पदवीसाठी बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हवे, शिवाय इंग्रजीतही किमान गुण हवेत. मत्स्यविज्ञानास जीवशास्त्र, नौकाशास्त्रास गणित. अकरावीस दोन्ही विषय घेणाऱ्यास दोन्ही वाटा मोकळ्या राहतात. एवढे एक वाक्य दहावीच्या सुट्टीत योग्य वेळी सांगितले गेले तर पुढील कित्येक समुपदेशन-सत्रांची गरज उरणार नाही.

सर्वच दारांना अशी कुलपे नाहीत, हेही सांगावयास हवे. देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था (१९३६) आणि तिच्या शेजारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था (१९५६) येथील अनेक पदव्युत्तर अभ्यासक्रमांना कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ पासून पदवीच्या प्रारंभीच्या वर्षांतील विज्ञान विद्यार्थ्यांना संशोधनाची ओळख करून देणारा राष्ट्रीय उपक्रम चालविला आहे. तेथे जाण्यासाठी विद्यार्थ्याला जे लागते ते म्हणजे वेळेवर मिळालेली बातमी आणि एका शिक्षकाचे शिफारसपत्र. शिफारसपत्र मागावयास संकोचणारा विद्यार्थी, आणि मागितल्याशिवाय न देणारा शिक्षक, या दोघांमध्ये ही संधी बऱ्याचदा हरवते.

श्रेयांकांची नवी व्यवस्था

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० अन्वये पदवीच्या रचनेत झालेले बदल प्राध्यापकवर्गास परिचित आहेत. त्यांतील तीन बाबींचा येथे उल्लेख पुरेसा होईल. शैक्षणिक श्रेयांक कोशात जमा झालेले श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे ग्राह्य राहतात. २०२२ पासून एकाच वेळी दोन पदवी अभ्यासक्रम करण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने मुभा दिली आहे. आणि चार वर्षांची पदवी घेणाऱ्यास एका वर्षात पदव्युत्तर पदवी मिळू शकते. घरच्या अडचणीमुळे शिक्षण मध्येच सोडावे लागणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने पहिली तरतूद मोलाची आहे. मात्र कोशात श्रेयांक जमा असणे आणि दुसऱ्या संस्थेने ते स्वीकारणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्याला आधीच समजावणे इष्ट. तसेच गौण विषयाची निवड करताना ‘सोपा कोणता’ याऐवजी ‘हा विषय पुढे कोणत्या पदव्युत्तर प्रवेशास उपयोगी पडेल’ असा प्रश्न विचारला गेला, तर उलट वाचन पदवीच्या पहिल्या वर्षातही फलदायी ठरते. क्षेत्रप्रकल्प व कार्यप्रशिक्षण यांसाठी मढच्या विद्यार्थ्याने एखाद्या दूरच्या कार्यालयात दिवस भरण्यापेक्षा स्वतःच्या गावातील मच्छीमार सहकारी संस्थेचा हिशेब, बर्फ-डिझेलचा पुरवठा किंवा सुक्या मासळीची बाजारसाखळी अभ्यासली, तर पुढील मुलाखतीत त्याच्यापाशी सांगण्यासारखे काहीतरी असेल.

दोन दिनदर्शिका

आतापर्यंतचे विवेचन पात्रतेसंबंधी होते. पैशाचा प्रश्न त्याहून बिकट आहे, आणि मढच्या संदर्भात त्याला एक विशिष्ट रूप आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै या कालावधीत मासेमारीस बंदी असते. नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, खलाशी गावी गेलेले असतात, आणि पुढील हंगामासाठी जाळी व नौकांची डागडुजी हा खर्च याच काळात येतो. नारळी पौर्णिमेच्या सुमारास हंगाम पुन्हा सुरू होईपर्यंत घरात रोख रकमेची चणचण असते. विद्यापीठाची प्रवेशप्रक्रिया नेमकी याच जून-जुलैमध्ये पार पडते. प्रवेशशुल्क, वसतिगृहाची अनामत, रत्नागिरी वा गोव्याचा प्रवास, हे सर्व घरात उत्पन्न शून्य असताना उभे करावे लागते. नोकरदार घरातील विद्यार्थ्याची आणि या विद्यार्थ्याची आर्थिक स्थिती वार्षिक उत्पन्नाच्या दाखल्यावर सारखी दिसू शकते. जुलैमध्ये ती सारखी नसते.

शिष्यवृत्ती हे यावरील उत्तर मानले जाते. महाडीबीटी प्रणालीमुळे अर्ज करणे सुलभ झाले, हे मान्य केले पाहिजे. परंतु शिष्यवृत्तीची रक्कम प्रवेशाच्या दिवशी हाती नसते. महाविद्यालयाने शुल्क हप्त्यांनी घ्यावे, पहिला हप्ता लहान ठेवावा आणि दुसरा हंगाम सुरू झाल्यानंतर, ऑक्टोबरमध्ये घ्यावा, अशी व्यवस्था प्राचार्यांच्या अधिकारात बसू शकते. त्यास वेगळा निधी लागत नाही.

दुसऱ्या बाजूने, शैक्षणिक संधींची दिनदर्शिका मासेमारीच्या भर हंगामातही येऊन आदळते. विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन अधिछात्रवृत्तीचे अर्ज साधारणतः नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत करावयाचे असतात; विज्ञानातील पदव्युत्तर प्रवेशाच्या ‘जॅम’ परीक्षेचे अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, तर सामाईक विद्यापीठ प्रवेशपरीक्षेचे अर्ज हिवाळ्यात भरले जातात. याच महिन्यांत बोंबील वलांड्यांवर असतात आणि घरातील मुली पहाटेपासून आईच्या हाताखाली राबत असतात. तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेनंतर ‘आता पुढे काय’ असे विचारावयास येणारी विद्यार्थिनी आळशी नसते. तिच्या हंगामाची आणि अर्जांच्या हंगामाची गाठ कुणी घालून दिलेली नसते, एवढेच.

कागदपत्रे

प्रमाणपत्रांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण प्रवेश मिळूनही तो हातचा जातो तो बहुधा येथे. महाराष्ट्रात कोळी व तत्सम जातींचा समावेश विशेष मागास प्रवर्गात आहे, तर महादेव कोळी, मल्हार कोळी या अनुसूचित जमाती आहेत. प्रवर्ग भिन्न असल्याने पुराव्याच्या तारखाही भिन्न. इतर मागास व विशेष मागास प्रवर्गाच्या जात प्रमाणपत्रासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे वास्तव्य सिद्ध करणारा पुरावा लागतो. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० ही तारीख आहे. आजोबांच्या शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, जमिनीचा जुना उतारा हे शोधण्यास महिने लागतात. त्यानंतर जात वैधता, त्यानंतर उन्नत व प्रगत गटात न मोडत असल्याचा दाखला, आणि या शेवटच्या दाखल्याची मुदतही संपत असते.

याहून कमी माहीत असलेली बाब अशी, की विशेष मागास प्रवर्ग ही राज्याची व्यवस्था आहे. केंद्रात असा प्रवर्ग नाही. केंद्रीय संस्थांत प्रवेश घेताना इतर मागासवर्गाच्या केंद्रीय सूचीतील नोंद पाहावी लागते आणि दाखलाही केंद्राच्या नमुन्यातच सादर करावा लागतो. राज्याचा दाखला घेऊन केंद्रीय संस्थेत जाणाऱ्या विद्यार्थ्याला तेथून परत पाठविले जाते. आणि वर ज्या संस्थांचा निर्देश केला त्यांतील कित्येक केंद्रीय आहेत. केंद्रीय नमुन्याची आठवण पदवीच्या दुसऱ्या वर्षीच करून देणे हे महाविद्यालयीन कार्यालयाचे काम असावयास हवे; आज ते कुणाचेच काम नाही.

प्राध्यापकाची भूमिका

शिक्षण आणि मार्गदर्शन हे परस्परांपासून अलग नाहीत, अशी भूमिका कोठारी आयोगाने (१९६४-६६) घेतली होती. आपल्या महाविद्यालयांत मार्गदर्शन कक्ष आहेत, पण त्यांचे कार्य पुष्कळदा वार्षिक व्याख्यान, छायाचित्र आणि मूल्यांकन अहवालातील एक परिच्छेद एवढ्यापुरते उरते. एखादा तज्ज्ञ दोन तासांत ४० अभ्यासक्रमांची नावे सांगतो. सभागृहातील विद्यार्थ्यांपैकी कुणाला त्यांतील कोणता अभ्यासक्रम आजच अशक्य झाला आहे आणि कोणता अद्याप शक्य आहे, हे तो सांगू शकत नाही. ते विषय शिक्षकच सांगू शकतो, कारण विद्यार्थ्याची गुणपत्रिका, विषय आणि घरची परिस्थिती त्याला माहीत असते.

प्रस्तुत लेखकाच्या मते प्रत्येक विभागाने आपल्या विषयाच्या पदवीधरास उपलब्ध असलेल्या आठ-दहा पदव्युत्तर अभ्यासक्रमांचे उलट वाचन एकदा करून ठेवावे आणि दरवर्षी त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेशी ते ताडून पाहावे. हे टिपण मराठीत असावे. जाहिराती बहुतांश इंग्रजीत असतात, आणि ‘तात्पुरता प्रवेश’, ‘पुरस्कृत उमेदवार’, ‘समकक्ष पदवी’ यांसारख्या संज्ञांचा नेमका अर्थ न कळल्याने चांगले विद्यार्थी अर्जच करीत नाहीत. टिपणाची प्रत घरी जावी. मढच्या घरांत मासळीची विक्री व पैशाचा व्यवहार स्त्रियांच्या हाती असतो. मुलीला गोव्यास पाठवावयाचे की नाही, हे ठरविण्यात आईचा शब्द वजनदार असतो. तिला महाविद्यालयात बोलावून उपयोग नाही, कारण सकाळी ती बाजारात असते.

यासाठी वेळ मात्र अनुकूल आहे. मासेमारी बंदीचे जे दोन महिने पैशाच्या दृष्टीने कठीण, तेच भेटीच्या दृष्टीने सोयीचे. नाखवा, तांडेल सर्व घरी असतात, दुपारी जाळी विणण्याचे काम चालू असते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दोन प्राध्यापक, कार्यालयातील एक लिपिक आणि त्या गावचा एखादा माजी विद्यार्थी मढ किंवा भाटीच्या मच्छीमार संस्थेत दुपारभर बसले, तर दहावी-बारावी झालेल्यांची विषयनिवड, पदवीच्या विद्यार्थ्यांचे दाखले आणि पदव्युत्तर अर्जांच्या तारखा ही तिन्ही कामे एका बैठकीत होऊ शकतात. लिपिकाने दाखल्यांचे दोन्ही नमुने, राज्याचे आणि केंद्राचे, सोबत ठेवावेत.